सातव्या गाण्यातली मोकळी जागा

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गाळप सुरू होऊन तीन दिवस झाले. पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये मान वर करायला फुरसत नसते. रसाचा नमुना आला की साखर किती उतरते ते मोजायचं आणि रजिस्टरला आकडा टाकायचा. ऊस संचालकाचा असो की माझ्या सख्ख्या चुलत्याचा, आकडा असेल तोच. गेल्या हंगामात लालाकाका यावरून दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, थोडा अभिमानच वाटला.

दुपारी सांगलीहून जोतीरामचा फोन आला. जोतीराम 'कान' नावाची वेबसाइट चालवतो. मराठी रॅपवर मनापासून लिहिणारी माणसं मोजकी, त्यात आम्ही दोघं. चार वर्षं झाली, मी तिथं परीक्षण लिहितो आणि शेवटी दहापैकी गुण देतो. सातच्या वर गुण मी आजवर तिघांनाच दिले आहेत. पोरं मला 'हेडमास्तर' म्हणतात, आणि ते मला आवडतं हे त्यांना माहीत नाही.

"शोएबचा अल्बम येतोय," जोतीराम म्हणाला. "नऊ गाणी. सगळी सोत्ता म्हनलाय. परीक्षण तूच लिव."

मी म्हणालो, "जोत्या, मी वळखतो त्याला. दुसऱ्या कुणाला तरी दे."

"वळखतोस म्हनूनच. आन तू काय कुनाला सोडतोस व्हय?"

मी हो म्हणालो. ओळख आहे म्हणून मागं सरलो तर मग चार वर्षं कशाच्या जोरावर लोकांना गुण वाटत होतो?

ओळख म्हणजे, मी इंजिनिअरिंगला असताना शोएब आणि मी मिळून 'गाळप' नावाची जोडी काढली होती. संगीत तो करायचा, रॅप मी लिहायचो आणि म्हणायचो. तो कॉलेजात नव्हता, आयटीआय करत होता. गॅदरिंगच्या साउंडवर बसलेला पाहिला, तेव्हापासूनची दोस्ती. सगळं कराड आम्हाला ओळखायचं, निदान आम्हाला तसं वाटायचं. मग पुण्याला एक मोठी स्पर्धा होती. तिला मला जाता आलं नाही, कारण त्याच दिवशी कारखान्याची मुलाखत होती. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, बोलणं आपोआप कमी होत गेलं. भांडण असं काही झालं नाही.

तो मात्र मोठा झाला. पुणे, नाशिक, नागपूर, कुठलाही चांगला मराठी रॅपर घ्या, त्याच्या निम्म्या गाण्यांचं संगीत शोएबचं. स्वतःच्या आवाजात मात्र कधी एक ओळही रेकॉर्ड केली नव्हती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जोतीरामने गाण्यांची लिंक पाठवली. अल्बमचं नाव 'बॅन्डवाला'. शोएबच्या वडिलांचा, वजीरचाचांचा, लग्नाचा बॅन्ड आहे. ते क्लॅरनेट वाजवतात. नाव समर्पक आहे.

तासाभराने खुद्द शोएबचा मेसेज आला. नऊ वर्षांनंतर पहिला.

"तूच लिवनार हाय म्हनं. बरं झालं. सात नंबरचं गाणं नीट ऐक. बाकी तुला वाटंल ते लिव. ह्याच्यावर हाय सगळं गड्या, न्हाई चाललं तर मस्कतला भावाकडं जातो, एसीच्या कामाला."

मी दोनदा वाचला. वाईट वाटलं. परीक्षकाला निकालाआधी असा मेसेज करू नये एवढं त्याला कळायला हवं होतं. मस्कतचं तर मुद्दाम घातलंय, मी विरघळावं म्हणून. उत्तर दिलं नाही. परीक्षण प्रसिद्ध होईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. सकाळी चांगले हेडफोन घेऊन गच्चीवर बसलो आणि नऊच्या नऊ गाणी लागोपाठ दोनदा ऐकली.

संगीत अव्वल आहे. क्लॅरनेट, ढोल, साइड ड्रम, सगळं वडिलांच्या बॅन्डमधून उचललेलं. ट्रम्पेट किंचित बेसूर आहे, आणि ते तसंच ठेवलंय हे फार चांगलं. पहिलं गाणं 'वर्दी' ऐकताना अंगावर काटा आला:

बापाच्या वर्दीला पितळेची बटनं,
हळद दुसऱ्याची, पिवळं आमचं अंगन.

अशी ओळ मला सुचली असती तर मी आठवडाभर नाचलो असतो.

पण आवाज. शोएबचा आवाज जाड आहे, ठेक्याच्या अर्धा पाऊल मागे चालतो. दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग करताना हाच माणूस एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाही, आणि स्वतःचं मात्र चालवून घेतलंय. तिसरं, चौथं आणि आठवं गाणं या आवाजापायी पडलं.

आणि सातवं. नाव 'लाइन'. बॅन्ड वरातीपुढे रांगेत चालतो त्याबद्दल आहे.

पुढं क्लॅरनेट, मागं ढोल, मधी मी,
उजव्या हाताला बघतो तर कोनी न्हाई.
वरात थांबत न्हाई, चालायचं ठरलं,
तुझ्या मापाचं अंतर सोडून पाऊल धरलं.

हे 'तू' कोण ते गाण्यात कुठेच सांगितलेलं नाही. बायको म्हणावी तर त्याची बायको घरीच आहे. आणि या कडव्यानंतर गाणं चक्क रिकामं पडतं. ठेका चालू, क्लॅरनेट चालू, शब्द नाहीत. मोजलं, तर सोळा ओळी मावतील एवढी जागा. रॅपचं एक कडवं साधारण सोळा ओळींचंच असतं. म्हणजे एक अख्खं कडवं लिहायचं राहून गेलंय आणि पठ्ठ्याने गाणं तसंच सोडून दिलंय. यालाच नीट ऐक म्हणत होता!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शिफ्टवरून आलो तेव्हा माझी बायको संयोगिता वाटाणे सोलत बसली होती. मी जेवता जेवता मोबाइलवर सातवं गाणं लावलं. तिला रॅपमधलं काही कळत नाही. मोकळी जागा आली तशी तिने मान वर केली.

"इथं कोन बोलत का न्हाई?"

"लिव्हायचं ऱ्हायलंय."

ती ऐकत राहिली. जागा संपली, शोएबचा आवाज परत आला, तेव्हा म्हणाली, "मला तर वाटलं कुनाची तरी वाट बघायलंय."

मी हसलो. गाणं म्हणजे काय एसटीची बस आहे का, कुणासाठी थांबायला? तीही हसली आणि शेंगा झटकून आत गेली. पण जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमी पूर्वी म्हनायचा न्हवं का, ह्याच्यासंगट?" मी म्हणालो, त्याचा इथं काय संबंध.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गुण ठरवायला बसलो आणि अडकलो. मनात साडेसहा येतात. मग वाटतं, यात मैत्रीचा अर्धा गुण तर नाही ना? कराडची पोरं हुशार आहेत, 'गाळप' अजून काहींच्या लक्षात आहे. हेडमास्तरने आपल्या दोस्ताला झुकतं माप दिलं असं कुणी म्हटलं तर चार वर्षांची अब्रू जाईल. मैत्रीचा अर्धा गुण वजा केला, सहा. मग वाटलं, अर्धा पुरे आहे का?

साडेपाच ठरले. अनोळखी माणसाला मी किती दिले असते याचा विचार करायचा प्रयत्न केला, पण तो अनोळखी माणूस काही डोळ्यांपुढे येईना.

१ डिसेंबर, रविवार

लिहून झालं. एक वाक्य फार चांगलं जमलं आहे. "शोएबने स्वतःच्या गाण्यात माईक हातात घेतला हे त्याचं धाडस, तो वेळेत खाली ठेवला असता तर ते शहाणपण ठरलं असतं." सुचलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

सातव्या गाण्याबद्दल लिहिलं: "ही मोकळी जागा म्हणजे निव्वळ आळस आहे. तिला काही अर्थ नाही. ती काढून टाकावी, गाणं आपोआप बांधेसूद होईल."

माईकचं वाक्य ठेवावं की काढावं यावर दोन चहा झाले. जरा लागणारं आहे. पण चांगलं वाक्य काढून टाकायला फार मोठं मन लागतं, तेवढं माझं नाही. जोतीरामला पाठवून दिलं.

५ डिसेंबर, गुरुवार

अल्बम आला आणि परीक्षणही. दुपारपर्यंत माझं माईकचं वाक्य सगळीकडे. कुणीतरी शोएबच्या फोटोवर ते लिहून चिकटवलं. लॅबमधल्या ट्रेनीनेही मलाच दाखवलं, त्याला माहीतही नव्हतं की लिहिणारा मीच. जोतीराम एकदम खूश. "आजपातूर एवढी मानसं एका दिवसात कवाच आली न्हवती रं साइटवर!"

मी दिवसभर हवेत होतो.

७ डिसेंबर, शनिवार

शोएबचा मेसेज. "वाचलं. समजलं."

दोनच शब्द. मोठ्या मनाने घेतलं त्याने. दुसरा असता तर शिव्या दिल्या असत्या. उत्तर म्हणून मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

११ डिसेंबर, बुधवार

अजून त्या वाक्याचीच चेष्टा चालली आहे. आता अल्बम न ऐकलेली माणसंही ते म्हणतात. जोतीरामने सांगितलं, जानेवारीत पुण्याच्या एका कार्यक्रमात शोएबचं नाव जवळपास पक्कं होतं, आता ते लोक त्याचे फोन उचलत नाहीत. "आपल्यामुळंच आसं न्हाई," जोतीराम म्हणाला. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

'वर्दी' पुन्हा ऐकलं. परीक्षणात त्या गाण्याबद्दल मी दीड ओळ लिहिली आहे. दीडच कशी लिहिली?

१५ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

लालाकाकांच्या मुलीचं लग्न होतं, मसूर रोडच्या कार्यालयात. वरातीला बॅन्ड वजीरचाचांचा. मला माहीत नव्हतं. चाचा आता थकलेत, वर्दी अंगावर लोंबते, पण क्लॅरनेट तसंच. मी बाजूने चालत होतो आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की रांगेत एक जागा रिकामी आहे. ट्रम्पेटवाला आणि खुळखुळेवाला यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी. नाचणारी पोरं तिथं घुसली की खुळखुळेवाला त्यांना हाताने बाहेर काढायचा. चौकात वळण आलं, सगळे वळले, ती जागाही त्यांच्याबरोबर वळली.

कार्यालयाच्या मागे बॅन्डवाले जेवायला बसले होते. मी चाचांच्या शेजारी जाऊन बसलो. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. त्यांनी पत्रावळ सरकवून जागा केली.

"बस की रं ऋषी. बारीक झालायस."

मी म्हणालो, "चाचा, मधी ती जागा कशाला सोडलीया?"

"नाथाजीची हाय. त्याचा पाय मोडलाय, मिरजंला दवाखान्यात हाय."

"मग सरकून चालायचं की. न्हाईतर दुसरा मानूस घ्यायचा."

चाचांनी मान हलवली. "आमच्या बॅन्डात तसं न्हाई बाबा. माझ्या वालिदांपासनं हाय हे. मानूस आजारी पडला, परगावी गेला, रुसून घरी बसला, तरी त्याची जागा मोकळी घिऊन चालायचं. साल जाऊदे, दोन सालं जाऊदे. त्यो येनार आसं धरून चालायचं. त्यो सोत्ता तोंडानं म्हनला की जागा सोडली, तवाच दोन्हीकडचे जवळ सरकत्यात. दुसऱ्या कुनी म्हनून चालत न्हाई."

मला तेव्हाही कळलं नाही. खरंच नाही कळलं. मी म्हणालो, "शोएबनं गान्यात हेच घातलंय वाटतं."

"व्हय," चाचा म्हणाले. मग भात कालवता कालवता, अगदी साध्या आवाजात, "मी गेलतो त्या टायमाला पुन्याला, तुमच्या स्पर्धेला. तुला ठाव न्हाई. तुमचा नंबर पुकारला. पोरानं म्युझिक लावलं. तुझा भाग आला आन माईक आपला नुसता हुबा. लोकं शिट्ट्या मारायला लागली. बंद कर म्हनाली. ह्यानं काय बंद केलं न्हाई. तुझ्या सोळा ओळी संपंस्तोवर गप हुबा ऱ्हायला, आन मग धुरपद म्हनला. रडत न्हवता, बरं का. नुसता दरवाज्याकडं बघत हुता."

चाचांनी भातावर आमटी ओढून घेतली.

"परवा त्यानं मला तुझं लिवलेलं वाचून दावलं," चाचा म्हणाले. "मला काय समजतंय त्यातलं. पर त्या जागंचं आलं तवा म्हनला, अब्बा, त्यानं तोंडानं सांगितलं. काढून टाका म्हनला."

चाचा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, कारण आतून कुणीतरी बॅन्डवाले, बॅन्डवाले म्हणून हाका मारत होतं. मी तिथंच बसून राहिलो. संयोगिता शोधत आली. तिने पाण्याचा तांब्या दिला.

१६ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, या वहीलाही नाही. गेल्या महिन्यात लिहिलं तेही तसंच गुळमुळीत लिहिलं.

मुलाखत अकराला होती. बाराला संपली. पुण्याचा कार्यक्रम संध्याकाळी सातचा होता. कराडहून पुणे साडेतीन तास. मी आरामात पोचलो असतो.

मी गेलो नाही कारण मी घाबरलो. हजार माणसांपुढे उभं राहायचं, ओळी विसरलो तर, कारखान्यातल्या साहेबांनी पाहिलं तर, वडील काय म्हणतील, असलं सगळं. वडील सुभेदार होते, त्यांच्यालेखी स्टेजवर हातवारे करून बडबडणं म्हणजे नाचेपणा. मी फोन बंद केला आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत तिथं होतो. दुसऱ्या दिवशी शोएबला मेसेज केला, मुलाखत लांबली. त्याने लिहिलं, बरं. लागली का? मी लिहिलं, लागली. त्याने लिहिलं, मुबारक.

ज्या माणसाने मला मुबारक म्हटलं, त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नाही. तो रागावला असेल म्हणून नव्हे. तो रागावला नव्हता, ते मला सोसत नव्हतं.

आणि ती जागा त्याने जशीच्या तशी जपली, गाण्यात घातली, वर मला मेसेज केला की नीट ऐक. मी ती मोजली. सोळा ओळी बरोबर मोजल्या. आणि लिहिलं काय, आळस.

१९ डिसेंबर, गुरुवार

लिहितोय. नऊ वर्षांनी. पहिल्या दिवशी नुसती यमकं जुळत होती, फाडून टाकलं. काल चार ओळी बऱ्या आल्या. आज लॅबमध्ये नमुन्यांच्या मधल्या वेळात बाकीच्या आल्या, रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर. ते पान फाडलं. आजवर रजिस्टरचं पान कधी फाडलं नव्हतं.

सोळा ओळी झाल्या आहेत. घाटाचं आहे त्यात, बंद फोनचं आहे. कुठेही हुशारी केलेली नाही. मोकळ्या जागेवर म्हणून पाहिल्या, मोबाइलवर गाणं लावून, मोटरसायकलीशेजारी उभं राहून. शब्द बसतात. त्याने ठेका माझ्या श्वासाच्या मापाने ठेवला आहे, मी जिथं दम घ्यायचो तिथं ढोल थोडा मागे सरकतो. हे मला आधीच्या वीस वेळा ऐकण्यात कळलं नाही, आणि मी परीक्षक.

रविवारी त्याच्या घरी जाणार. आधी फोन करणार नाही. फोनवर बोललो तर मी पुन्हा काहीतरी चतुर बोलून जाईन.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी दहाला गेलो. कराडच्या शनिवार पेठेतलं जुनं घर, पुढच्या खोलीत बॅन्डची वाद्यं, मागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ. शोएब स्टुलावर उभा राहून भिंतीवरचा आवाज अडवणारा फोम उचकटत होता. निम्मी भिंत उघडी झाली होती, आतला निळा रंग दिसत होता.

मला बघून खाली उतरला. जाडा झालाय, दाढीत पांढरे केस. हसला.

"आरं, ये की. बूट ऱ्हाऊदे, कचरा हाय सगळा."

"हे काय करायलायस?"

"खोली आयेशाला पायजे आब्यासाला. धावीला हाय ती औंदा." आयेशा त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. "व्हिसा आला माझा. चार तारखंला विमान हाय."

मी म्हणालो, "शोएब, त्या माईकच्या वाक्याबद्दल..."

"वाक्य झ्याक हुतं," तो म्हणाला. "माझी बायकू पन हसली. खरं हाय ते, आवाज न्हाई मला. मला ठाव न्हवतं व्हय? पर माझ्या बापाचं दुसऱ्या कुनाच्या तोंडनं कसं म्हनून घेऊ?"

त्याच्या बायकोने, अल्फियाने, चहा आणून ठेवला. माझा हात खिशात होता, कागदावर.

"तू आलास ते बरं झालं," शोएब म्हणाला. "तुला एक ऐकवायचं हुतं. तुझं मत लागतंय मला."

कॉम्प्युटर अजून जोडलेला होता. त्याने सातवं गाणं लावलं. मी ओळखीच्या कडव्याची वाट बघत होतो, आलं. तुझ्या मापाचं अंतर सोडून पाऊल धरलं. ढोलाची थाप पडली. आणि लगेच, श्वासही न घेता, त्याचं शेवटचं कडवं सुरू झालं.

"काढली ती जागा," तो म्हणाला. "काल नवीन टाकलं सगळीकडं. तू लिवलं हुतंस तसंच केलं. पयल्यांदा हात हुईना बघ. पर अब्बा म्हनले, मालकानं तोंडानं सोडली, आता धरून चालू नगंस. काढली आन लय हलकं वाटलं गड्या. खरं सांगतो. त्या रातीला नऊ वर्सांत पयल्यांदा पुन्याचं सपान पडलं न्हाई."

मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि नीट बघून विचारलं, "कसं झालंय? खरं सांग. तू कुनाला सोडत न्हाईस."

खिशातला कागद मुठीत चुरगळला होता. तो काढून दिला असता तर? त्याने घेतला असता. मला माहीत आहे, त्याने घेतलाच असता, फोम परत भिंतीला लावला असता, विमान पुढं ढकललं असतं, आणि ते स्वप्न परत सुरू झालं असतं. आणि मी पुन्हा एखाद्या मुलाखतीला गेलो असतो. माझी खात्री मलाच देता येईना.

आणि गाणं खरंच चांगलं झालं होतं. जिथं सैल होतं तिथं घट्ट झालं होतं. मी कितीही शोधलं तरी दोष सापडेना.

"चांगलं झालंय," मी म्हणालो.

"व्हय?" त्याचा चेहरा केवढा उजळला. "आईशप्पथ सांग."

"आईशप्पथ."

नंतर आम्ही दोघांनी मिळून फोम काढला. दुपारपर्यंत भिंत मोकळी केली. निघताना त्याने विचारलं, "काय काम हुतं तुझं?"

मी म्हणालो, "काय न्हाई, सहज आल्तो."

५ जानेवारी २०२५, रविवार

काल शोएब गेला. मी निरोप द्यायला गेलो नाही, त्याने बोलावलं नव्हतं. वजीरचाचा आणि रहिमतबी चाची मुंबईपर्यंत गेले होते असं कळलं.

सकाळी जोतीरामचा फोन. शोएबने सातवं गाणं बदलून टाकलंय, तर परीक्षणाखाली दोन ओळींची टीप आणि नवे गुण द्यायला हवेत, असा साइटचा नियम आहे. नियम मीच केलेला. "तुझं ऐकून सुधारलंय म्हनल्यावर आपल्यालाबी बरं दिसंल," जोतीराम म्हणाला.

मी म्हणालो, दुसऱ्या कुणाला सांग. तो म्हणाला, "का? आता काय झालं?" मीच लिहितो म्हणालो आणि फोन ठेवला.

टीप लिहायला एक तास लागला. "सातव्या गाण्यातली मोकळी जागा काढून टाकल्याने गाणं बांधेसूद झालं आहे." आळस हा शब्द मूळ परीक्षणातून काढता येईल का असं जोतीरामला विचारलं, तर म्हणाला, छापलेलं बदलायचं नाही, हाही तूच केलेला नियम.

गुण आधी साडेपाच होते. या वेळी काही वजा केलं नाही, काही मिळवलं नाही, फक्त गाणं ऐकलं. साडेसात. सातच्या वर गेलेला माझा हा चौथा अल्बम. माझी जागा निघाली आणि दोन गुण वाढले.

शोएबला लिंक पाठवली. मस्कतला तेव्हा दुपार झाली असेल. थोड्या वेळाने त्याचा अंगठा आला.